दारव्ह्यात काय आहे, असं विचारणारं वऱ्हाड

लेकीच्या लग्नाला पंधरा दिवस उरले होते, तेव्हा पाहुण्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नवरदेवाच्या आत्याचा निरोप आला. "नवरदेवासह आम्ही बावीस जण आदल्या दिवशी पहाटेच पोहोचत आहोत. आसपास प्रेक्षणीय अथवा ऐतिहासिक काही असल्यास यादी पाठवावी. नसल्यास तसे कळवावे, म्हणजे आम्ही थेट लग्नाच्या दिवशी येऊ." त्याखाली त्यांच्याकडच्या कुणीतरी लिहिलं होतं, "तिकडे काय बघणार? कापूस?" आणि पुढे हसणारी तीन तोंडं.

मे महिन्यात शेतात कापूस शोधणाऱ्याला काय म्हणावं? मी तेव्हा आर्णीच्या स्टँडवर उभ्याने चहा पीत होते. अंगात खाकी, गळ्यात पैशाची बॅग, हातात तिकिटाचं मशीन. गाडी सुटायला सात मिनिटं होती. वाचलं आणि डोकं फिरलं. चहा तसाच टाकून तिथल्या तिथे टाईप केलं, "यादी पाठवते. भरपूर आहे."

आता खरी गोष्ट सांगते. मी दारव्हा डेपोला कंडक्टर आहे, बावीस वर्षं झाली. पोरगी पाचवीत असताना नवरा आजारात गेला, तेव्हापासून तर घराची गाडीही मीच हाकते आहे. पण पुण्याच्या पाहुण्यांना हे ठाऊक नव्हतं. माझा थोरला भाऊ नागपूरला सरकारी अधिकारी होता, नुकताच रिटायर झाला. सोयरीक जुळवताना तोच पुढे होता. त्याने त्यांना सांगितलं, "बहीण महामंडळात आहे." वाक्य खोटं नाही. समोरच्यांनी विचारलं, "म्हणजे ऑफिसला का?" दादा म्हणाला, "हो, तसंच."

त्या "तसंच"ची बातमी मला साखरपुड्याच्या दिवशी कळली. मी दादाला बाजूला घेतलं. तो म्हणाला, "अवं, तीन पिढ्या पुण्यात राह्यलेले लोक आहेत. आपल्यातलेच, जयभीमवाले, पण घरात सगळे प्राध्यापक न् मुख्याध्यापक. ते आत्या तर साळेची हेडमास्तरीण होती. झाकली मूठ सव्वा लाखाची. लगन होऊ दे, मंग सांग कोणाले सांगायचं ते."

दादाचं मी मनावर घेतलं नसतं. त्याला माझ्या खाकीची लाज पहिल्यापासून आहे. मी नोकरीला लागले त्या दिवशीही त्याने विचारलं होतं, "बाईमाणसानं दोरी वढत फिरायचं का?" पण त्या रात्री मी लेकीला फोन केला. ती पुण्यात कंपनीत नोकरी करते, नवरदेव तिच्याच ऑफिसातला. त्याला तिने पहिल्याच महिन्यात सगळं सांगितलेलं होतं. मग घरच्यांना सांगायला काय हरकत, असं मी विचारलं. ती म्हणाली, "आई, मामा म्हणते तसं राहू दे ना. आता कायले काढते तो विषय?"

मला फार लागलं ते. गर्दीत पाय तुडवले, मेळ्याच्या दिवसांत दारात लटकून तिकिटं फाडली, दारुड्यांना कॉलर धरून खाली उतरवलं, त्याचं कधी काही वाटलं नाही. पण ज्या पोरीला मी शाळा सुटल्यावर कंडक्टरच्या सीटवर बसवून अभ्यास करायला लावला, तिने "कायले काढते" म्हणावं? मी म्हटलं, "बरं. मी तोंडानं काही बोलणार नाही." आणि फोन ठेवला.

तर यादी. दादाने लगेच नागपूरहून स्वतःची यादी पाठवली, इंटरनेटवरून काढलेली. टिपेश्वरचा वाघ, सहस्रकुंडचा धबधबा, कळंबचा गणपती. मी त्याला फोनवर विचारलं, "नवतप्याच्या उन्हात धबधबा? पाणी तुह्या घरून नेतं का?" वाघासाठी म्हणजे पार पांढरकवड्याकडे जावं लागतं, आणि तो भेटलाच तर भेटला. लग्नाच्या आदल्या दिवशी अख्खं वऱ्हाड दिवसभर जंगलात, इकडे हळदीला नवरदेवाकडचं माणूस नाही, हे काय बोलणं झालं?

माझी यादी मी कागदावर लिहिली, तिकिटांच्या हिशेबाला वापरतो त्या निळ्या पेनाने, आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. सगळ्यात वर सूचना: "सकाळी सहा ते दहा. त्यानंतर यवतमाळ जिल्हा फक्त कूलरसमोर बसून पाहावा." मग छोट्या रेल्वेचं स्टेशन. ही गाडी इतकी सावकाश चालायची, की उतरून बोरं तोडून पुन्हा चढता यायचं. बाबांचा हात धरून मी पहिल्यांदा यवतमाळ पाहिलं ते याच गाडीतून. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत वाढलंय, पण स्टेशन उभं आहे. नंतर आर्णीचा दर्गा, जिथे पोर आजारी पडलं की आमच्या वस्तीतल्या बाया जातात, बंजाऱ्यांच्या तांड्यावरच्या जातात आणि पाटलाच्याही जातात. आणि मधे, आर्णी रस्त्यावरच्या एका खेड्यातला बुद्धविहार.

विहाराचं नाव वाचल्याबरोबर दादाचा फोन. "ते नाव खोड."

"काहून?"

"काहून म्हणजे? तिकडे कुत्रंमांजरही तुले ओळखते. आन् ते फ्रेम लटकून हाय ना तिथं."

"ते फ्रेमच तर पाहाले नेऊन राह्यली मी त्यायले."

"तू शब्द दिलता पोरीले."

"तोंडानं बोलणार नाही, हा शब्द दिला. यादीतलं एक नाव खोडणार नाही मी, दादा. तीनच तर आहेत."

दादाने फोन आपटला. मला त्या रात्री छान झोप लागली.

पाहुणे ठरल्याप्रमाणे पहाटे आले. त्यांच्यासाठी मी आमच्याच डेपोची एक गाडी लग्नाच्या करारावर घेतली होती. दोन दिवस फिरायला, आणि लग्न झाल्यावर सगळ्यांना बडनेऱ्याच्या रेल्वेस्टेशनवर सोडायला. ड्रायव्हर आमचाच, माझ्यासोबत दहा वर्षं आर्णी-यवतमाळ केलेला. त्याला दादाने आधीच गाठून बजावलं होतं, की मला कंडक्टर बाई नाही, नुसतं ताई म्हणायचं. तो बिचारा मान डोलवत उभा होता. मी रजेवर होते, अंगात मोरपंखी साडी होती आणि केसांत गजरा. पोरगी घरी मेंदी काढून घेत होती, ती काही गाडीत आली नाही. निघताना तिने माझ्याकडे एकदा पाहिलं. ते पाहणं काय सांगत होतं ते मला बरोबर कळलं.

सगळे चढले. आत्याबाई सगळ्यात पुढच्या सीटवर, उंच, करड्या केसांच्या, पाठ अगदी ताठ. शेजारी दादा. मी शेवटी चढले, दार ओढून घेतलं, मागे पाहून डोकी मोजली आणि हात वर गेला. मी नेला नाही, तो गेला. टिंग टिंग. ड्रायव्हरचाही पाय आपोआप क्लचवरून सुटला आणि गाडी निघाली.

आत्याबाई वळून म्हणाल्या, "अगदी सराईत हो तुम्ही!"

मी काही बोलायच्या आत दादा हसत म्हणाला, "लहानपणापासून हौस आहे तिला." आणि त्याने रुमालाने मान पुसली. अजून साडेसहाही वाजले नव्हते.

स्टेशन त्यांना आवडलं. पोरापोरींनी रुळांवर बसून फोटो काढले. आत्याबाईंनी बंद तिकीटखिडकीच्या गजांना हात लावून पाहिला आणि विचारलं, शेवटची गाडी कधी गेली. मी सांगितलं, शेवटची आहे हे कोणाला माहीत असतं, म्हणून कोणी लक्षात ठेवली नाही. त्या माझ्याकडे जरा नीट पाहू लागल्या.

तिथून आर्णीच्या रस्त्याला लागलो. एका फाट्यावर कडुलिंबाखाली एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन उभी होती. लाल गाडी दिसताच तिने हात केला. करारावरची गाडी काही तिच्यासाठी थांबायची नव्हती, पण खिडकीत मी दिसले आणि ती ओरडली, "अवं कंडक्टर बाई! थांबव नं वं! मले सोडून कुठी चालली?" ड्रायव्हरने सवयीने वेग कमी केला होता. म्हातारी गाडीसोबत चार पावलं पळत आली. "आज खाकी नाई घातली? लुगडं नेसून कोणाच्या लग्नाले चालली वं?"

मी खिडकीतून म्हटलं, "माह्याच पोरीच्या, मावशे. मागून साडेसातची येऊन राह्यली, तिच्यात बस."

आता दादा हौस आहे म्हणू शकत नव्हता. तो समोरच्या काचेतून रस्ता पाहत बसला. मागे कुजबुज सुरू झाली. आत्याबाईंनी मागे वळून म्हातारीकडे पाहिलं. मी दिलेला शब्द मोडला नव्हता.

विहार म्हणजे चार भिंती, वर टिनाचं छत, समोर पंचशीलचा झेंडा आणि एक बोधिवृक्ष. आमची वाटच पाहत होते. गावातल्या लोकांनी अंगणात पाणी मारलं होतं, बायांनी आंब्याचं पन्हं करून ठेवलं होतं. सगळ्यांनी चपला काढल्या, वंदना झाली. वंदना म्हणताना पुण्याचे आवाज आणि गावचे आवाज सारखेच होते. मूर्ती संगमरवरी, हातभर उंचीची. आणि तिच्या उजव्या हाताला भिंतीवर काचेची छोटी फ्रेम, आत पिवळट पडलेले कागदाचे तीन चिटोरे, पंच मारलेले.

आत्याबाई चष्मा लावून जवळ गेल्या. "हे काय आहे?"

गावातले एक बाबा पुढे आले, ऐंशीच्या घरातले. हेच ते, ज्यांनी मूर्ती गाडीतून आणली त्या दिवशी माझ्याशी हुज्जत घातली होती. त्यांनी सांगायला सुरुवात केली, आणि दादा हळूच बाहेर झाडाखाली जाऊन उभा राहिला.

"आमी चौघं मूर्ती आनाले नागपूरले गेलतो. पैसे जमवता जमवता तीन वर्सं गेली बाप्पा. यवतमाळवरून गाडीत बसलो. मूर्ती सीटवर बसवली, चादरीत गुंडाळून. हे बाई कंडक्टर, नवीनच लागली होती. आली न् म्हणते, बाबा, हे सामान खाली ठेवा, सामानाचं तिकीट काढते. मी म्हनलं, बाई, तोंड सांभाळ. सामान कोनाले म्हनते? तिनं चादर उचलून पाह्यली. मंग म्हणते, अर्धं काढू का फुल? मी म्हनलं, यायले अर्धं कसं चालन? फुल काढ. तिनं ट्रेमधून फुल तिकीट काढलं, तीन कागद मिळून झालं. पंच मारला. आन् पुढच्या स्टॉपवर चेकर चढला."

मागच्या पोरी हसायला लागल्या. बाबांना जोर आला.

"चेकरनं डोकी मोजली. डोकी एकेचाळीस, तिकिटं बेचाळीस. कंडक्टरपाशी तिकिटं कमी निघाली तं शिक्षेचा मेमो, हे सारेच जानते. जास्तीचं काय करावं ते त्यालेही समजे नाही. पुन्हा मोजली. मंग मी चादर बाजूला केली न् म्हनलं, साहेब, बेचाळीसावे हे बसून हायेत. चेकरनं टोपी काढली, हातात धरली, न् आमचं गाव येईस्तोवर उभाच राह्यला."

"आणि त्या कंडक्टर?" आत्याबाईंनी विचारलं. मला वाटतं त्यांना उत्तर ठाऊक होतं.

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे काय, तुमची विहीण."

सगळे माझ्याकडे वळले. मी हातात पन्ह्याचा पेला घेऊन उभी होते. आत्याबाई माझ्यासमोर आल्या. "तुम्ही कंडक्टर आहात?"

"हो. बावीस वर्षं."

"आम्हाला ऑफिसला आहेत असं सांगितलं होतं."

झाडाखाली दादा उभा होता. त्याचं नाव सांगून मोकळी झाले असते. पोरीचंही सांगता आलं असतं. पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे मला आधी ठाऊक असून मीच झाकू दिलं होतं. मी म्हटलं, "सांगितलं दुसऱ्यांनी, पण मी गप्प बसले. खोटं माझंच आहे. काम मात्र खोटं नाही. तुम्ही विचारलं होतं ना, इथे ऐतिहासिक काय आहे? हे आहे. मूर्तीला माणसाचं तिकीट मी फाडलं. हे पाहायला मी तुम्हाला आणलं, आणि उद्या लग्न मोडलं तरी हे यादीतून खोडणार नव्हते."

माझा आवाज चढला होता. त्या जागेत चढायला नको होता, पण चढला. आत्याबाई म्हणाल्या, "मी चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, की खोटं बोलू नका. मला राग त्याचा आला." आणि पायात चपला घालून गाडीत जाऊन बसल्या.

दर्ग्यात त्या गेल्या, डोक्यावर पदर घेतला, फुलंही वाहिली, पण माझ्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत. परतताना मी दोरीला हात लावला नाही. ड्रायव्हरने आरशातून पाहिलं आणि स्वतःच गाडी काढली. मधेच सगळ्यांचे फोन वाजले. आत्याबाईंनी ग्रुपवर फोटो टाकला होता, त्या फ्रेमचा. खाली काही लिहिलेलं नव्हतं.

आम्ही घरी पोहोचायच्या आत पोरीने तो पाहिला होता. दोन्ही हातांना ओली मेंदी, कोपराने दार ढकलून ती बाहेर आली. मी म्हटलं, "मी तोंडानं सांगितलं नाही." ती म्हणाली, "माईत हाय मले." आणि पुन्हा आत गेली. हळद लागली, गाणी झाली, जेवणं झाली, ती माझ्याशी त्यावर बोलली नाही. दादा तर माझ्या वाऱ्यालाही उभा राहत नव्हता. मला धास्ती होती, नाही कशी म्हणू? लग्नाच्या आदल्या दिवशी आईच्या हट्टापायी पोरीचं काही बिघडलं, तर लोक जन्मभर मलाच बोलले असते, आणि पोरगीही. पण पस्तावा शोधायला गेले तर सापडेना. पुन्हा यादी करायची झाली असती, तर पुन्हा तीच केली असती.

लग्न दुसऱ्या दिवशी लागलं. त्रिशरण, पंचशील, पांढऱ्या साडीतली माझी लेक, सगळं वेळेवर, म्हणजे छापलेल्या वेळेनंतर सव्वा तासाने. निवेदकाने माईकवर दोन्हीकडच्यांची ओळख करून द्यायला सुरुवात केली. मामा म्हणून दादाचं नाव घेतलं, अधिकारी म्हणाला. वधूमाता म्हणून माझं नाव घेतलं आणि थांबला, कारण त्याच्या कागदावर पुढे काही नव्हतं. तेवढ्यात आत्याबाई उठल्या, त्याच्याजवळ गेल्या आणि कानात काही बोलल्या. निवेदक म्हणाला, "वधूमाता, एसटी कंडक्टर, दारव्हा डेपो." टाळ्या पडल्या. आत्याबाई परत जाऊन बसल्या, तितक्याच ताठ. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. रागही तसाच होता, आणि त्यांचं बरोबर होतं.

उन्हं उतरल्यावर गाडी दारात लागली. सामान चढलं, वऱ्हाड चढलं. पोरगी सगळ्यांच्या पाया पडली, मामाच्या गळ्यात पडून रडली. माझ्याजवळ आली तेव्हा रडली नाही, नुसती हात धरून उभी राहिली. मग चढली आणि पुढच्या सीटवर, आत्याबाईंच्या शेजारी बसली. ड्रायव्हरने गाडी सुरू केली, पण गाडी हलेना. तो आरशात पाहत होता, मी खाली उभी होते. इंजिन नुसतं धडधडत होतं.

पोरीने खिडकीतून डोकं काढलं. मांडवातल्या बायका, पुण्याचे पाहुणे, दादा, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली, "आई, अशी काय उभी राह्यली? वर ये, बेल दे! तुह्या बेलशिवाय मी कधी कुठी गेली का?"

मी पायरीवर चढले. तशी ती शाळेला जायची तीही माझ्याच गाडीने, कॉलेजला यवतमाळला गेली तीही माझ्याच गाडीने, पुण्याची ट्रेन पकडायला गेली तीही. आमच्या कामात एक बेल म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मी दोरी धरली आणि ओढली. टिंग. हात तिथेच अडकला. ड्रायव्हर थांबला, सगळे थांबले. पोरगी माझ्याकडे पाहत होती आणि आता रडत होती. मी डोकी मोजली, तेवीस. एक आमचं.

मग दुसरी बेल दिली आणि चालत्या गाडीतून खाली उतरले.